प्रोसेसरला काय दिसतंय?

एलईडी दिव्यांची भिंत उभी राहिली होती. अर्धा मीटर बाय अर्धा मीटरची १२० कॅबिनेट (दिवे बसवलेल्या चौकटी), आडवी २० आणि उभी ६. बाहेरून आलेलं चित्र भिंतीच्या मापात बसवून तिच्याकडे पाठवणारं यंत्र म्हणजे प्रोसेसर. त्याच्या आतलाच टेस्ट पॅटर्न लावला तर लाल, हिरवा, निळा, पांढरा सगळीकडे एकसारखा. जाळीच्या रेषा एका कॅबिनेटमधून दुसऱ्यात सुतासारख्या सरळ. एकही मोड्यूल मेलेलं नाही. माझ्या हिशेबी काम संपलं होतं, कारण तोवर एलईडी वॉलवर माझं काम एवढंच असायचं: कॅबिनेट चढवायची, पॉवर आणि डेटाच्या केबल ओढायच्या, मॅपिंग करायचं (कोणत्या कॅबिनेटने चित्राचा कोणता तुकडा दाखवायचा ते ठरवायचं) आणि बाजूला व्हायचं. प्रोसेसरची इनपुटकडची बाजू आमचे दादा बघायचे. त्या दिवशी दादा दुसऱ्या कामात अडकले होते. ते संध्याकाळी पोचणार आणि कार्यक्रमाची तालीम दुपारी.

"तूच कर," ते फोनवर म्हणाले. "अडलीस तर फोन कर."

इनपुटमध्ये अडण्यासारखं काय असतं, असं मला तेव्हा खरंच वाटलं होतं. केबल खोचायची, बटण दाबायचं. कठीण भाग तर मी सकाळीच संपवला होता. ३.९ च्या पिचमध्ये (दोन पिक्सेलांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये) एका कॅबिनेटला आडवे-उभे १२८ पिक्सेल, म्हणजे भिंत झाली २५६०×७६८. एकूण १९,६६,०८० पिक्सेल. गिगाबिटच्या एका पोर्टवर ८ बिट रंग आणि सेकंदाला ६० फ्रेम या हिशेबाने साधारण साडेसहा लाख पिक्सेल जातात. तीन पोर्टांत साडेएकोणीस लाख, म्हणजे १६,०८० पिक्सेल उरतात. एका कॅबिनेटचे पिक्सेल १६,३८४. जेमतेम एका कॅबिनेटएवढ्या पिक्सेलांसाठी चौथा पोर्ट घ्यावा लागला. मग ओढायचीच आहे केबल, तर नीट वाटून टाकू म्हणून चारही पोर्टांवर तीस-तीस कॅबिनेट ठेवली होती. या मांडणीवर मी स्वतःवरच खूश होते.

सोर्स तीन होते. पहिला व्हिज्युअल चालवणारा कॉम्प्युटर. त्यावरचं सगळं काम २५६०×७६८ मध्येच बनवलेलं. दुसरा वक्त्यांचा लॅपटॉप. तिसरा कॅमेऱ्यांच्या स्विचरकडून (कोणता कॅमेरा दाखवायचा ते निवडणारं यंत्र) येणारी एसडीआय, म्हणजे व्हिडिओवाल्यांची सिग्नलची केबल.

पहिल्याचीच केबल लावली. नो सिग्नल. केबल बदलली. नो सिग्नल. कॉम्प्युटरवरचा कन्व्हर्टर बदलला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, व्हिज्युअलवाल्या मुलाशी थोडी हुज्जत घातली की तुझंच कार्ड खराब असेल. अर्धा तास गेला. शेवटी दादांना फोन केला.

"इनपुट कार्डावर कनेक्टर किती आहेत?"

"दोन. एक एचडीएमआय, एक डीव्हीआय."

"आणि चॅनल?"

मी मेनूत बघितलं. चॅनल एकच. दोन कनेक्टर, पण एका वेळी त्यातला एकच जिवंत, आणि निवडलेला होता डीव्हीआय. आधीच्या कामात कुणीतरी तो वापरला असणार. एचडीएमआय निवडला आणि चित्र आलं. व्हिज्युअलवाल्याकडे मी बराच वेळ बघितलं नाही.

चित्र आलं खरं, पण ते बघून समाधान होईना. व्हिज्युअलमध्ये मधोमध एक मोठा गोल होता, फिरणारा. भिंतीवर तो आडवा पडलेल्या अंड्यासारखा दिसत होता. उंचीच्या जवळजवळ दुप्पट रुंद. अक्षरं तर अशी की कुणीतरी वरून दाबून बसवली आहेत. मी परत फोन लावला आणि सांगितलं की कॉम्प्युटर २५६०×७६८ चालवतोय, भिंत २५६०×७६८ आहे, तरी चित्र ताणलं जातंय.

"अगं, कॉम्प्युटर काय म्हणतोय ते नको सांगूस. प्रोसेसरला काय दिसतंय ते सांग."

इनपुटच्या स्टेटसचं पान त्या दिवशी मी पहिल्यांदा उघडलं. एवढी वर्षं ते यंत्र माझ्या डोळ्यांसमोर होतं, पण त्या पानावर कधी गेले नव्हते. तिथे चारच ओळी होत्या: १९२०×१०८०, ५९.९४, आरजीबी, ८ बिट. म्हणजे प्लेबॅकच्या सॉफ्टवेअरमधलं काम २५६०×७६८ असलं तरी ग्राफिक्स कार्डातून बाहेर पडताना ते प्रमाण राखून फुल एचडीत बसवलं जात होतं, आणि प्रोसेसर ते फुल एचडी पुन्हा माझ्या लांबट भिंतीवर ओढून बसवत होता. रुंदी १.३३ पट वाढत होती, उंची ०.७१ पटीवर येत होती. यांचा भागाकार १.८७५. अंडं तिथून आलं होतं.

गंमत अशी की फुल एचडीत पिक्सेल २०,७३,६०० असतात, माझ्या भिंतीपेक्षा जास्तच. कमी काही पडत नव्हतं, फक्त आकाराचा मेळ नव्हता.

"मग कॉम्प्युटर २५६०×७६८ का देत नाही?" मी विचारलं.

"कारण तू त्याला ते मागितलेलंच नाहीस."

इथे दादांनी मला जे फोनवर समजावलं ते थोडं सविस्तर लिहिते, कारण पुढचं निम्मं काम त्यावरच चाललं. एचडीएमआयची केबल लावली की सोर्स लगेच चित्र सोडत नाही. आधी तो १८ व्या पिनेवर ५ व्होल्ट देतो. समोरचं यंत्र १९ वी पिन वर उचलून 'मी हजर आहे' असं कळवतं. मग १५ आणि १६ या पिनांवरून सोर्स त्या यंत्राचं परिचयपत्र वाचतो. तेच ईडीआयडी. मूळ भाग अवघा १२८ बाइटचा. टीव्हीच्या आणि एचडीएमआयच्या खास गोष्टींसाठी आणखी १२८ बाइटची पुरवणी असते. सुरुवातीचे आठ बाइट नेहमी ठरलेले असतात, आणि शेवटचा बाइट असा बसवतात की सगळ्या १२८ ची बेरीज २५६ ने पूर्ण भागली जावी, म्हणजे वाचताना चूक झाली तर कळतं. यंत्र कोणतं, त्याला कोणती रिझोल्यूशन चालतात, सगळ्यात आवडतं कोणतं, हे त्यात असतं. ही व्यवस्था व्हेसा या संस्थेने १९९४ मध्ये आणली, तेव्हा डोळ्यांसमोर टेबलावरचे मॉनिटर होते. मॉनिटरचा आकार बदलत नाही, त्यामुळे त्याचं परिचयपत्र कारखान्यात एकदा लिहिलं की झालं. एलईडी भिंतीचा आकार मात्र दर कामाला बदलतो. म्हणून प्रोसेसरच्या प्रत्येक इनपुटचं परिचयपत्र आपल्याला लिहिता येतं. माझ्या इनपुटचं लिहिलेलं होतं १९२०×१०८०. कॉम्प्युटर बिचारा वाचलेलं पाळत होता.

कस्टम ईडीआयडीच्या पानावर रुंदी २५६०, उंची ७६८, फ्रेम ६० असं भरलं. खाली पिक्सेल क्लॉक (पिक्सेल पाठवण्याचा वेग) आपोआप आला, सुमारे १२९ मेगाहर्ट्झ. हा आकडा बघायची सवय दादांनी तेव्हाच लावली. भिंतीच्या पिक्सेलांना ६० ने गुणलं तर हे उत्तर येत नाही, कारण चित्राच्या कडेला न दिसणारी मोकळी जागा असते, ब्लँकिंग. ती धरून जो वेग होतो तो केबलीत आणि पोर्टात मावला पाहिजे. सिंगल लिंक डीव्हीआयची मर्यादा १६५ मेगाहर्ट्झ. फुल एचडी ६० ला १४८.५ लागतात. माझं १२९ म्हणजे निवांत काम. ४के ६० ला हाच आकडा ५९४ होतो, आणि ३४० पर्यंतच जाणाऱ्या जुन्या एचडीएमआय पोर्टातून ते पूर्ण रंगात निघत नाही. अशा वेळी सोर्स एक तर ३० फ्रेमवर उतरतो किंवा रंगाची माहिती कमी करून ४:२:० मध्ये पाठवतो, आणि आपण भिंतीवरची लाल अक्षरं फुटलेली बघत कॅबिनेटला शिव्या देत बसतो.

सेव्ह केलं. कॉम्प्युटरवर काहीच बदललं नाही. मी पुन्हा सेव्ह केलं. पुन्हा काही नाही. तेव्हा लक्षात आलं की परिचयपत्र वाचलं जातं ते केबल लागताना. मधे आपण ते बदललं तर सोर्सला कोण सांगणार? काही प्रोसेसर ती १९ वी पिन स्वतः खाली-वर करतात, माझा करत नव्हता. केबल काढली, पाचपर्यंत मोजले, परत लावली. कॉम्प्युटरच्या यादीत २५६०×७६८ सगळ्यात वर. भिंतीवरचा गोल गोल झाला. व्हिज्युअलवाला पहिल्यांदा हसला.

तेवढ्यावर मी थांबणार होते, पण दादांनी मेसेज टाकला होता: उभ्या रेषा लावून बघ. एक पिक्सेल पांढरा, एक काळा, पुन्हा पांढरा, अशी सबंध भिंतभर पट्टी. लांबून ती सपाट करडी दिसायला हवी. माझ्या भिंतीवर मात्र रुंद, मऊ लाटा दिसत होत्या, कुठे गडद, कुठे फिकट, पडद्याला चुण्या पडाव्यात तशा. म्हणजे इनपुट बरोबर होतं, पण आत कुठेतरी अजूनही स्केलिंग चालू होतं. शोधल्यावर सापडलं: लेअरचा, म्हणजे भिंतीवर चित्र ज्या चौकटीत बसतं तिचा, आकार २५५८×७६८. कुणीतरी मागे माउसने ओढून बसवला असणार, दोन पिक्सेल कमी. दोनच पिक्सेल, आणि सगळ्या बारीक अक्षरांची धार गेली असती. आकडा टाइप करून २५६० केला, लाटा गेल्या. भिंतीच्या अगदी जवळ जाऊन पाहिलं. पेटलेल्या दिव्यांचा एक खांब, विझलेल्यांचा एक, पुन्हा पेटलेला. तेव्हापासून लेअर मी माउसने ओढत नाही.

लॅपटॉपचं इनपुट सोपं जाईल असं वाटलं होतं. तिथे उलट तीन भानगडी निघाल्या.

पहिली लहान. लॅपटॉपची केबल वाटेत एका स्प्लिटरमधून जात होती, कारण वक्त्यासमोरच्या मॉनिटरवरही तेच दिसायला हवं होतं. स्टेटसमध्ये १२८०×७२०. स्प्लिटर दोघांपैकी ज्याला कमी जमतं त्याचं परिचयपत्र पुढे करत होता, आणि समोरचा मॉनिटर जुना होता. स्प्लिटरच्या पोटाखालचा छोटा स्विच १०८० वर सरकवला, तर मॉनिटर काळा. शेवटी स्प्लिटरच काढून टाकला आणि त्या मॉनिटरला प्रोसेसरच्या जादा आउटपुटमधून फीड दिलं. लॅपटॉप आणि प्रोसेसर यांच्यामध्ये जितकी कमी डबी तितकं बरं, हे माझं तेव्हापासूनचं मत.

इथे एक निर्णय घ्यावा लागला. स्लाइडची चौकट ७६८ उंचीच्या भिंतीवर १६:९ मध्ये सुमारे १३६५ रुंद बसते. लॅपटॉपलाही त्याच मापाचं ईडीआयडी दिलं तर स्केलिंग टळेल आणि तक्त्यातल्या बारीक रेषा स्वच्छ दिसतील. मोह झाला. पण वक्ते सहा होते आणि ऐनवेळी कोण स्वतःचा लॅपटॉप काढेल याचा नेम नव्हता. अनोळखी लॅपटॉपला अनोळखी रिझोल्यूशन देऊ नये. फुल एचडी सगळ्यांना येतं. म्हणून ते इनपुट १९२०×१०८० वरच ठेवलं, स्केलिंग सोसलं, आणि एका पिक्सेलच्या रेषा थोड्या मरतील हे आयोजकांना आधीच सांगून टाकलं.

दुसरी भानगड रंगाची. स्लाइडची पार्श्वभूमी काळी होती, भिंतीवर ती राखाडी दिसत होती. दिवे लागलेले असताना कळलंही नसतं. सभागृहातले दिवे मालवल्यावर मात्र स्लाइडचा चौकोन धुरकट काचेसारखा उठून दिसायला लागला. ब्राइटनेस कमी केला, तर पांढराही मेला. गॅमा (मधल्या छटांचा उजेड) फिरवला, तर चेहरे बिघडले. खरं कारण असं की ८ बिटात काळा ० आणि पांढरा २५५ असतो ही कॉम्प्युटरची रीत. व्हिडिओच्या रीतीत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर. १९२०×१०८० हे टीव्हीच्या घराण्यातलं रिझोल्यूशन, त्यामुळे एचडीएमआयवर ते निघालं की बरेच लॅपटॉप समोर टीव्हीच आहे असं धरून १६ ते २३५ पाठवतात. प्रोसेसरचं इनपुट ० ते २५५ समजून बसलेलं. त्याला १६ म्हणजे अंधूक उजेड, आणि तो तो इमानाने दाखवत होता. सेटिंगमध्ये रेंज 'ऑटो' होती, पण ऑटोला सिग्नलबरोबर येणाऱ्या माहितीवर भरवसा ठेवावा लागतो, आणि ती दर वेळी खरी असतेच असं नाही. 'लिमिटेड' निवडलं. काळा काळा झाला.

एवढं झाल्यावर मी शहाणपणा केला. एका इनपुटला बरं पडलं ते दुसऱ्यालाही करून टाकू म्हणून व्हिज्युअलच्या इनपुटलाही लिमिटेड लावलं. दहा मिनिटांनी व्हिज्युअलवाला आला. "ताई, माझे ढग कुठे गेले?" रात्रीच्या आकाशाचं एक व्हिज्युअल होतं त्याचं, गडद निळ्यात गडद ढग. भिंतीवर नुसता काळा पडदा. २५६०×७६८ हे टीव्हीचं रिझोल्यूशन नाही, त्यामुळे त्याचं कार्ड आधीपासून पूर्ण ० ते २५५ देत होतं. मी लिमिटेड लावल्यावर १६ च्या खालचं सगळं काळ्यात बुडालं. एकाच यंत्राच्या दोन इनपुटांना दोन वेगळी उत्तरं, आणि दोन्ही बरोबर. मग ० ते २५५ अशी हळूहळू उजळत जाणारी करडी पट्टी दोन्हीकडून वाजवून बघितली. हे मी आधीच करायला हवं होतं. पट्टीचं टोक खरंच काळं दिसलं आणि तिथल्या पायऱ्या मोजता आल्या तर ठीक. नुसता काळा ठोकळा दिसला तर रेंज चुकली.

तिसरी भानगड रेकॉर्डिंगवाल्याने आणली. भिंतीवर लॅपटॉप व्यवस्थित, पण त्याला जाणाऱ्या एसडीआय आउटपुटवर लॅपटॉप आला की काळं. इतर दोन सोर्स दिसत होते. हे मात्र मला ऐकून माहीत होतं: एचडीसीपी, म्हणजे नक्कल रोखायला चित्राला लावलेलं कुलूप. समोरच्या यंत्राला कुलूपबंद चित्र उघडता येतं असं कळलं की काही लॅपटॉप साधी स्लाइडही कुलूप लावून पाठवतात. भिंतीपर्यंत प्रोसेसर ते उघडून नेतो, पण एसडीआयला त्या कुलपाची सोयच नाही, म्हणून तिथे तो काळं देतो. इनपुटवरचं एचडीसीपी बंद केलं. आता लॅपटॉपला वाटतं की समोरच्याला किल्लीच नाही, आणि तो स्लाइड उघडीच पाठवतो. संरक्षित सिनेमा त्या इनपुटवरून लागणार नाही, पण कुणी तो लावणारही नव्हतं.

आता उरली एसडीआय. केबल लावताक्षणी चित्र आलं आणि मला वाटलं, हे बरं आहे, यात ईडीआयडी वगैरे काही नाही. ते नाही हे खरंच आहे. एसडीआय एकतर्फी असते. सोर्स जे पाठवेल ते घ्यायचं. समोरून काही मागता येत नाही. त्यामुळे जे काही बदलायचं ते स्विचरवाल्याकडे चालत जाऊन, तोंडाने.

आणि बदलायला लागलं. तालमीत निवेदिकेने हात हलवला की भिंतीवर तिच्या बोटांना कंगव्याचे दात फुटत होते. स्टेटस बघितलं (आता मी न सांगता बघत होते): १०८०आय५०. इंटरलेस, म्हणजे एका वेळी फक्त विषम किंवा सम ओळी. टीव्हीच्या छोट्या पडद्यावर खपून जातं, दहा मीटर भिंतीवर नाही. प्रोसेसरचं डीइंटरलेस चालू केलं तर दात गेले, पण कडा थरथरायला लागल्या. स्विचरवाल्याला विनंती केली की प्रोग्रेसिव्ह दे, १०८०पी५०. त्याने दिलं आणि भिंतीवर पांढरे ठिपके उडायला लागले, मधूनच सगळं काळं. वेग दुप्पट झाला होता: १.४८५ गिगाबिटऐवजी २.९७. जुनी लांबलचक केबल पहिल्याला पुरत होती, दुसऱ्याला नाही. चांगली केबल ओढली, ठिपके थांबले.

तरी कॅमेरा आडवा फिरला की चित्र बारीक अडखळत होतं, गाडी खडबडीत रस्त्यावरून जावी तसं. याचा हिशेब मात्र मी फोन न करता केला. कॅमेरा सेकंदाला ५० फ्रेम देतोय, भिंत ६० दाखवतेय. दर पाच फ्रेमनंतर एक फ्रेम दोनदा दाखवल्याशिवाय मेळ बसणार कसा? मग आठवलं की सकाळी पहिल्यांदा चित्र आलं तेव्हा स्टेटसमध्ये ५९.९४ होतं आणि भिंत ६० वर. ते ताणलेलं व्हिज्युअल सुद्धा साधारण सतरा सेकंदांनी एकदा पापणी लवावी तसं अडखळत होतं. तेव्हा मी व्हिज्युअलवाल्याच्या कॉम्प्युटरला दोष दिला होता. त्या दिवशी त्याच्यावर दुसऱ्यांदा.

भिंत ५० वर न्यायची की ६० वर ठेवायची? कार्यक्रमात निम्म्याहून जास्त वेळ कॅमेरा असणार होता, आणि माणसाच्या हालचालीत अडखळणं सगळ्यांत आधी दिसतं. भिंत ५० वर नेली. आउटपुटचं सिंक (भिंतीने कुणाच्या तालावर फ्रेम बदलायच्या ते) 'इंटर्नल' होतं, ते एसडीआय इनपुटच्या मागे लावलं. मग व्हिज्युअलचं कस्टम ईडीआयडी पुन्हा लिहिलं, २५६०×७६८, पण ५० ला; पिक्सेल क्लॉक १०७ वर आला. केबल काढा, पाच मोजा, लावा. लॅपटॉपचं मात्र ६० वरच ठेवलं, स्लाइड हलत नाहीत. भिंत एका वेळी एकाच सोर्सच्या तालावर चालू शकते. व्हिज्युअलच्या कॉम्प्युटरचं घड्याळ कॅमेऱ्यापासून केसभर वेगळं राहणारच आणि अधूनमधून एखादी फ्रेम दोनदा दिसणार. ढगांमध्ये ते कुणाला दिसत नाही. ५० च्या हिशेबाने तीन पोर्टांत भिंत आरामात मावली असती, हेही तेव्हाच लक्षात आलं. पण चौथ्या पोर्टाची केबल आता कोण काढतंय.

उशिराचं म्हणाल तर आवाजाच्या टेबलावरून तक्रार आली की ओठ आणि शब्द जुळत नाहीत. प्रोसेसरमध्ये कमी विलंबाचा मोड होता, तो लावला, उरलेलं त्यांनी आवाज थोडा मागे सरकवून जुळवलं.

दादा आले तेव्हा प्रेक्षक आत यायला अर्धा तास होता. त्यांनी भिंतीकडे बघितलंच नाही. सरळ प्रोसेसरपाशी गेले आणि तिन्ही इनपुटांची स्टेटस एकामागून एक वाचली. प्रत्येक ओळ वाचताना मान किंचित हलत होती. मी बाजूला उभी. शेवटची ओळ वाचून ते वळले.

"सिग्नल गेला तर काय दिसणार?"

मी गप्प. त्यांनी लॅपटॉपची केबल हळूच उपटली. भिंतीवर स्लाइड तशीच्या तशी. छान आहे की, असं मी म्हणणार होते, पण त्यांचा चेहरा बघून थांबले.

"लॅपटॉप झोपला, वक्ता बटण दाबतोय, स्लाइड पुढे जात नाही. भिंत तर चालू दिसतेय. दोष कुणाला?"

सेटिंग होतं 'शेवटची फ्रेम'. मला वाटतं अर्ध्या तासापूर्वी तालमीत नेमकं हेच झालं होतं. एक वक्ते बराच वेळ रिमोट दाबत उभे होते आणि आम्ही सगळे त्या रिमोटची बॅटरी बदलत होतो. मी ते बदलून कार्यक्रमाच्या लोगोवर नेलं. मग त्यांनी तिन्ही इनपुटांच्या केबल एकेक करून काढायला लावल्या, लोगो येतो का पाहिलं, परत लावायला लावल्या. सगळं प्रीसेटमध्ये सेव्ह केलं. यंत्र एकदा पूर्ण बंद करून चालू केलं, प्रीसेट परत आला का ते बघायला. मी कागदाची पांढरी टेप फाडून यंत्राच्या माथ्यावर चिकटवली आणि मार्करने लिहिलं: १ – २५६०×७६८, ५०, फुल. २ – १०८०, ६०, लिमिटेड, एचडीसीपी बंद. ३ – १०८०पी५०, सिंक इथून.

तिसऱ्या वक्त्याच्या भाषणात भिंतीवर अचानक लोगो आला. हेडसेटवर मी "दोन गेलं" म्हणाले. स्टेजवर आमच्या मुलाने लॅपटॉपचं झाकण नीट उघडलं, एक बटण दाबलं. मी स्टेटसच्या पानाकडे बघत होते. पहिली ओळ रिकामी होती. एक, दोन, तीन, मग १९२०×१०८० उमटलं, आणि त्यानंतर कुठे भिंतीवर स्लाइड आली.